पडदा उघडण्यापूर्वीचे मोल

‘अनावरण’ हा शब्द आपल्याकडे पूर्वी पुतळ्यांसाठी राखून ठेवलेला होता. सयाजीबागेच्या तोंडाशी उभा असलेला काळा घोडा आपण सर्वांनी पाहिला आहे. पुतळ्याचे एक बरे असते. पडदा दूर झाला, टाळ्या वाजल्या, की त्याचे कार्य संपले. त्याने पुढे कोठे जावे, किती ओझे वाहावे, असे त्यास कोणी विचारीत नाही. हल्ली मात्र मोटारींचेही अनावरण होऊ लागले आहे, आणि मोटारीचे कार्य तर पडदा दूर झाल्यानंतर सुरू व्हावयाचे असते. गंमत अशी, की शेअरबाजारात तिचे मोल त्याच्याही आधी ठरून गेलेले असते. मोटार कोणी पाहिलेली नसते, तिच्यावर एक पोतेही लादलेले नसते. तरी ‘अमुक कंपनी उद्या विजेवर चालणारी मालवाहू गाडी दाखविणार’ एवढ्या वार्तेने त्या कंपनीच्या शेअरचा भाव चढू लागतो. या चढत्या भावास ‘गुंतवणूकदारांच्या अपेक्षा’ असे भारदस्त नाव आहे. त्या अपेक्षांविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

बडोदेकरांस हा विषय दूरचा वाटू नये. आपल्या नगरीस १९९० मध्ये स्वतःचा शेअरबाजार लाभला होता; सयाजीगंजातील तो बाजार २०१५ मध्ये बंद झाला. पण तो बंद झाला म्हणून व्यवहार थांबला असे नव्हे. तो प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत येऊन बसला. देशातील डीमॅट खात्यांची संख्या मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती, ती मार्च २०२४ पर्यंत १५ कोटींवर गेली. या खात्यांचे धनी कोण? निवृत्त झालेले आजोबा आहेत, भिशीचे पैसे साठविणाऱ्या मावशी आहेत आणि नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेले आपले माजी विद्यार्थीही आहेत. दुसरीकडे, बडोद्याहून पावागढच्या वाटेवर हालोल येथे मोटारींचा मोठा कारखाना आहे. जनरल मोटर्सने तेथील उत्पादन २०१७ मध्ये थांबविले, तो कारखाना नंतर एम.जी. मोटरने घेतला आणि आज तेथून विजेवरच्याही मोटारी बाहेर पडतात. विजेवरच्या दुचाक्या बनविणारी आणि मुंबईच्या शेअरबाजारात नोंदलेली वॉर्डविझार्ड ही कंपनी तर बडोद्याचीच. तेव्हा ‘विजेची गाडी येणार, शेअर घेऊन ठेवा’ हे वाक्य आपल्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि क्वचित शाळेच्या प्रांगणातही ऐकू आले, तर त्यात नवल नाही.

प्रथम या भावाचे गणित पाहू. समजा, एका कंपनीच्या शेअरची किंमत १०० रुपये आहे. महिन्याने ती नवी गाडी दाखविणार अशी बातमी आली. गाडी उत्तम निघाली तर शेअर १३० रुपयांचा होईल, असे लोकांस वाटू लागले. मग आज १०० रुपयांत तो विकण्यास कोण तयार होईल? भाव हळूहळू १२०, १२५ असा वाढतो. अनावरणाचा दिवस उजाडतो तेव्हा उत्तम गाडीचे बहुतेक मोल आधीच दिले गेलेले असते. आता गाडी खरोखर उत्तम निघाली, तरी घेणाऱ्यास लाभ पाच रुपयांचा. आणि ती केवळ चांगली निघाली, तर तोटा! म्हणजे गाडी चांगली असूनही भाव पडू शकतो, कारण परीक्षा गाडीची नसते, लोकांच्या अंदाजाची असते. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात वर्तमानपत्रातील सौंदर्यस्पर्धेचा दृष्टांत दिला आहे. त्या स्पर्धेत बक्षीस सर्वांत सुंदर चेहरा ओळखणाऱ्यास नसून, इतर बहुसंख्य वाचक कोणता चेहरा निवडतील हे ओळखणाऱ्यास असते. अनावरणाच्या पूर्वसंध्येचा बाजार अगदी याच जातीचा असतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या ‘सायबरट्रक’चे. पुढे माणसांची खोली आणि मागे सामानाचा उघडा हौदा, अशा गाडीस तेथे पिकअप म्हणतात, आणि अमेरिकन माणसाचे तिच्यावर विलक्षण प्रेम आहे. टेस्ला ती विजेवर चालवून दाखविणार, म्हणून कुतूहल शिगेला पोहोचले होते. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी लॉस एंजलिसजवळ तिचे अनावरण झाले. गाडी दिसण्यात अशी, की भूमितीच्या वहीतील एखादी आकृती पत्र्यातून कापून काढावी. तिच्या काचा अभेद्य आहेत हे दाखविण्यासाठी मुख्य आरेखकाने भर सभेत पोलादी गोळा फेकला, आणि काच तडकली. दुसऱ्या काचेवर फेकला, तीही तडकली. दुसऱ्या दिवशी टेस्लाचा शेअर एका दिवसात सुमारे सहा टक्क्यांनी उतरला.

येथवर गोष्ट सरळ आहे, आणि अशा गोष्टींत रमणारे लोक ती येथेच संपवितात. पण पुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. त्याच आठवड्यात, केवळ १०० डॉलर भरून गाडीसाठी नाव नोंदविणाऱ्यांची संख्या दोन लाखांवर गेल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केले. ते १०० डॉलर परत मिळण्याजोगे होते. तेव्हा ती मागणी नव्हती, नुसती मान हलविणे होते. उत्पादन २०२१ च्या अखेरीस सुरू होईल आणि किंमत ३९,९०० डॉलरपासून असेल, असे वचन दिले होते. प्रत्यक्षात पहिल्या मोजक्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या त्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि तेव्हा जाहीर झालेली सर्वांत कमी किंमत ६०,९९० डॉलर होती. मार्च २०२५ मध्ये बाहेरील एक पट्टी निसटते म्हणून कंपनीने तोवरच्या जवळजवळ सर्वच गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, तेव्हा त्यांची संख्या ४६,००० च्या आसपास भरली. दोन लाख कोठे आणि सेहेचाळीस हजार कोठे! परंतु याच काळात शेअरचे काय झाले? ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे एकही सायबरट्रक विकला गेलेला नसताना, टेस्लाचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरांवर गेले. काच तडकली म्हणून ज्याने दुसऱ्या दिवशी घाबरून शेअर विकले, त्याने फार मोठा लाभ गमावला; आणि गाडीवर भाळून ज्याने घेतले, त्यास लाभ झाला तो त्या गाडीमुळे नव्हे. दोघांचाही तर्क चुकला. गाडी एका रस्त्याने गेली, भाव दुसऱ्याच रस्त्याने.

त्याच काळात रिव्हियन नावाची दुसरी अमेरिकन कंपनी बाजारात आली. १० नोव्हेंबर २०२१ रोजी ७८ डॉलरला विकलेला तिचा शेअर थोड्याच दिवसांत दुपटीच्याही वर गेला, आणि फोर्ड व जनरल मोटर्स या जुन्या दिग्गजांहून तिचे मोल अधिक ठरले. ऑक्टोबरअखेरपर्यंत तिने ग्राहकांना किती गाड्या दिल्या होत्या? १५६, त्यांतील बऱ्याचशा स्वतःच्याच नोकरांस. २०२२ संपता संपता तोच शेअर वीस डॉलरांच्या खाली होता. कंपनीने गाडी खरोखर बनविली होती आणि ती वाईटही नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

निकोला कंपनीची कथा मात्र विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगी आहे. या कंपनीने २०२० मध्ये ‘बॅजर’ नावाची पिकअप गाडी आणण्याची घोषणा केली. सप्टेंबरात जनरल मोटर्सने तिच्याशी करार करताच शेअर एका दिवसात सुमारे ४० टक्क्यांनी उसळला. दोनच दिवसांनी एका संशोधनसंस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. कंपनीने पूर्वी आपल्या मोठ्या मालट्रकचे जे धावते चित्रण दाखविले होते, त्यात तो ट्रक स्वतःच्या शक्तीने धावतच नव्हता. त्यास उतारावर नेऊन सोडून दिले होते! तो स्वतःच्या शक्तीने चालत नव्हता, हे पुढे कंपनीसही मान्य करावे लागले. आठवीच्या विद्यार्थ्यासही ठाऊक आहे, की उतारावर सोडलेल्या लाकडी गाड्यासही वेग येतो. त्यास विद्युत्घट लागत नाही, गुरुत्वाकर्षण पुरते. तो ट्रक पावागढच्या पायथ्यापासून माचीपर्यंत चढवून दाखवा, असे म्हणणारा एक जरी मनुष्य गुंतवणूकदारांत निघता! नोव्हेंबर २०२० मध्ये बॅजर रद्द झाली व लोकांनी भरलेली अनामत परत करण्यात आली. संस्थापकास २०२२ मध्ये न्यायालयाने गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरविले. २०२५ च्या मार्चमध्ये त्यास राष्ट्राध्यक्षांचे क्षमादान मिळाले. क्षमा मिळाली ती संस्थापकास. कंपनीने त्याआधीच्या महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

हे सारे अमेरिकेचे चोचले आहेत असे म्हणून आपण निश्चिंत व्हावे, अशी आपलीही परंपरा नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात ‘बॅक बे’ची कंपनी निघाली; समुद्र हटवून जमीन करावयाची, असा तिचा बेत होता. जमीन अजून पाण्याखाली होती, पण तिचे शेअर मात्र हातोहात अनेक पटींनी विकले जात होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर मुंबईतील कितीएक घराणी बसली. ‘बाजारात तुरी’ ही म्हण आपल्याच भाषेत आहे, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याच देशातील, किंबहुना आपल्या शेजारची, दोन वाहने पाहू. कारण माझ्या मते या विषयाचे मर्म त्यांच्या तुलनेत आहे. पहिले नॅनो. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटा यांनी ती स्वतः चालवीत व्यासपीठावर आणली. एक लाख रुपयांत मोटार, या कल्पनेने साऱ्या जगाचे डोळे दिपले. बंगालमधील सिंगूरचा कारखाना सोडावा लागला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो गुजरातेत साणंद येथे आणण्याचे ठरले. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली, तेव्हा दोन लाख तीन हजार लोकांनी सुमारे २,५०० कोटी रुपये भरले. हे टेस्लाचे १०० डॉलर नव्हते, हे ध्यानात घ्यावे. घरोघरच्या संचिताचा तो पैसा होता. पहिल्या लाखभर गाड्या कोणास द्यावयाच्या, हे सोडतीने ठरवावे लागले. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढील अशा बेताने उभारला गेला. आणि घडले काय? सर्वांत भरभराटीच्या, म्हणजे २०११-१२ या वर्षी, विक्री ७४,५०० च्या आसपास झाली. जून २०१८ मध्ये तर संपूर्ण महिन्यात एकच नॅनो तयार झाली. कारणे पुष्कळ सांगतात. त्यांतील एक स्वतः रतन टाटा यांनीही मान्य केले होते. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिच्यावर बसला, आणि मोटार घेणारा आपल्याकडे केवळ वाहन घेत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मानही घेत असतो.

दुसरे वाहन ‘टाटा एस’. ज्यास आपण सारे ‘छोटा हत्ती’ म्हणतो, ते हे. पुण्याचे अभियंते गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध झाले, आणि नंतर नॅनोची जबाबदारीही त्यांच्यावरच सोपविली गेली. म्हणजे बुद्धी तीच, हात तेच. छोटा हत्ती मे २००५ मध्ये बाजारात आला. दोन सिलिंडरांचे, १६ अश्वशक्तीचे लहानसे डिझेल यंत्र आणि किंमत सुमारे सव्वादोन लाख रुपये. तो आखण्यापूर्वी त्याच्या कर्त्यांनी तीनचाकी टेम्पोवाल्यांस गाठून, तुम्हांस काय हवे, हे विचारून घेतले होते. त्याच्या आगमनासाठी जगातील कॅमेरे रांगेत उभे नव्हते. पण २०१७ पर्यंत असे वीस लाखांहून अधिक हत्ती देशाच्या रस्त्यांवर आले. पहाटे खंडेराव मार्केटकडे भाजी घेऊन येणारे, रावपुऱ्याच्या गल्लीत कपाटे पोहोचविणारे आणि गणपतीच्या दिवसांत मूर्ती आणणारे वाहन हेच. ज्याच्याकडून साऱ्या जगाने अपेक्षा केल्या, ते वाहन थांबले. ज्याच्याकडून टेम्पोवाल्याने अपेक्षा केल्या, ते चालले. मला वाटते, प्रश्न अपेक्षा किती होत्या हा नसून, त्या कोणाच्या होत्या, हा आहे.

यावर कोणी म्हणेल, की लोकांनी अपेक्षा केल्या नाहीत, भांडवल दिले नाही, तर नवे कारखाने उभे कसे राहतील? आक्षेप योग्य आहे. अलेम्बिकची स्थापना १९०७ साली झाली, तेव्हा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यापाशी विद्या आणि आशा यांवाचून दुसरे थोडेच होते. २० जुलै १९०८ रोजी सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१३ ते १९१७ या काळात देशातील कितीतरी बँका बुडाल्या, ही टिकली. त्या वेळी ज्यांनी पहिले भांडवल घातले, त्यांचा पैसा खरोखर बँकेच्या तिजोरीत गेला.

नेमका हाच भेद आज पुष्कळांस माहीत नसतो. कंपनी प्रथम भांडवल उभारते, तेव्हा आपला पैसा तिच्याकडे जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये टी.पी.जी. या गुंतवणूकसंस्थेने व तिच्या सहकाऱ्यांनी टाटा मोटर्सच्या विजेवरच्या प्रवासी मोटारींच्या उद्योगासाठी ७,५०० कोटी रुपये द्यावयाचे ठरविले; तो पैसा यंत्रांत, विद्युत्घटांत, कामगारांच्या वेतनात जाणारा होता. ती बातमी आल्यावर दुसऱ्या दिवशी टाटा मोटर्सचा शेअर सुमारे २० टक्क्यांनी चढला. त्या दिवशी ज्या हजारो लोकांनी बाजारातून चढ्या भावाने शेअर घेतले, त्यांचा एक रुपयाही कारखान्यात गेला नाही; तो ज्याने शेअर विकला त्याच्या खिशात गेला. अनावरणाच्या आदल्या रात्री शेअर घेणारा मनुष्य गाडी घडविण्यास साहाय्य करीत नसतो. तो दुसऱ्या एका माणसाची अपेक्षा, तिची पूर्ण किंमत मोजून, विकत घेत असतो. त्यास वाटल्यास जुगार म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण गुंतवणूक हा शब्द त्या व्यवहारास फार मोठा पडतो. घरातील फी, औषधपाणी वा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा कोणी या शब्दाच्या भरवशावर त्यात घालीत असेल, तर त्या घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वडील माणसांस हा भेद नम्रपणे समजावून द्यावा. आपण वहीत चक्रवाढ व्याजाची एवढी उदाहरणे सोडवितो, त्यांचा इतका तरी उपयोग व्हावा.

छोटा हत्ती विजेवर आला, तो ५ मे २०२२ रोजी. त्याच्या अनावरणाच्या वेळी ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट अशा माल पोहोचविणाऱ्या कंपन्यांशी ३९,००० गाड्यांचे करार झाल्याचे सांगितले गेले. येथेही तोच विवेक हवा. करार म्हणजे विक्री नव्हे. मात्र कंपनीने आकडे असे दिले, की ते कोणासही पडताळून पाहता यावेत : ६०० किलो ओझे, २१.३ युनिट वीज साठविणारा विद्युत्घट, एका भरणीत १५४ किलोमीटर. भागाकार केला तर एका युनिटला सात किलोमीटरांहून थोडे अधिक पडते. हा चाचणीतील आकडा. बडोद्याच्या मे महिन्याच्या उन्हात, भरल्या हौद्यानिशी आणि दर चौकात थांबत, तो उणा होणारच. किती उणा होतो ते चालकाला आठवड्याभरात कळते. विद्युत्घट मोठा करावा, तर त्याचेच वजन वाढते आणि तेवढे सामान कमी घ्यावे लागते. किंमत वाढते ती निराळीच. शोभेच्या मोटारीस ही अडचण तितकी जाणवत नाही, मालवाहू गाडीस पदोपदी जाणवते, आणि म्हणूनच विजेवरची पिकअप दाखविणे सोपे पण विकणे कठीण, असा अनुभव सर्वत्र येत आहे.

जून २०२५ मध्ये याच घराण्यातील आणखी लहान गाडी ‘एस प्रो’ आली, पेट्रोलवरची ३.९९ लाखांपासून आणि विजेवरची ६.५० लाखांपासून. मधल्या अडीच लाखांची भरपाई इंधनाच्या बचतीतून किती महिन्यांत होते, हे गणित आता दांडिया बाजारातील किंवा मांडवीतील एखादा चालक बिडीच्या पाकिटाच्या पाठीवर मांडीत असेल. त्याने कर्ज काढले आहे, त्यास हप्ता भरावयाचा आहे, आणि त्याची अपेक्षा दिवसाला किती फेऱ्या होतात यावर तोलली जाते.